नवा सुपरवायझर: लाईनवरची खबर तुमच्यापर्यंत लवकर यायला हवी

मशीनवर चांगलं काम करणाऱ्या माणसाला एके दिवशी सुपरवायझर करतात. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, बुटीबोरी, कुठल्याही एमआयडीसीत बढतीची हीच रीत आहे. शर्टाचा रंग बदलतो, पगार थोडा वाढतो, हातात शिफ्टचं रजिस्टर येतं. काम कसं करायचं हे मात्र कुणी बसून सांगत नाही. डिप्लोमा करून थेट सुपरवायझर म्हणून लागलेल्या मुलामुलींचंही तसंच. त्यांना मशीन थोडंफार ठाऊक असतं, माणसं अजिबात ठाऊक नसतात. हा लेख या दोघांसाठी आहे. उदाहरणं मशीन शॉपची घेतली आहेत, कारण ते काम मी जवळून पाहिलं आहे. पॅकिंग, असेंब्ली किंवा गोडाऊनमध्ये असाल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुपरवायझर किती चांगला आहे हे मी एकाच गोष्टीवरून ओळखतो: त्याच्या लाईनवर काही बिघडलं की ते त्याला किती लवकर कळतं. पीस आउट (मापाबाहेर) गेला, गेज (माप तपासायचं साधन) हातातून पडला, स्पिंडलमधून (मशीनच्या फिरत्या दांड्यातून) वेगळा आवाज येतोय, उद्या दोघं जण येणार नाहीत. हे सगळं लाईनवर कुणाला ना कुणाला आधीच माहीत असतं. त्याला ते येऊन तुम्हाला सांगावंसं वाटतं का, यावर तुमची शिफ्ट चालते.

आता आपलं काम कोणतं

ऑपरेटरचं काम पीस काढणं. तुमचं काम आता ते नाही. चांगल्या ऑपरेटरला हे पचायला सगळ्यात जड जातं, कारण मशीन थांबली की हात शिवशिवतात. तुम्ही स्वतः जाऊन सेटिंगला उभे राहता, मशीन सुरू होते, बरं वाटतं. पण त्या पाऊण तासात बाकीच्या मशीनवर काय चाललं होतं हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि त्या मशीनवरचा मुलगा काहीच शिकलेला नसतो. पुढच्या वेळी तो पुन्हा तुम्हालाच हाक मारणार.

हात लावायचाच झाला तर एक नियम ठेवा: ज्याची मशीन आहे तो शेजारी उभा पाहिजे, आणि शेवटचं काम त्याच्या हातून झालं पाहिजे.

पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात कुठलाही नियम बदलू नका. खिशात एक वही ठेवा. प्रत्येकाचं नाव, गाव, कोणत्या बसने येतो, कोणकोणत्या मशीन चालवतो, एवढं लिहा. मग प्रत्येकाशी त्याच्या मशीनजवळ उभं राहून बोला, ऑफिसात बोलावून नको. तीन प्रश्न पुरतात. कोणती मशीन सगळ्यात जास्त त्रास देते? कोणतं काम करताना भीती वाटते? आधीच्या शिफ्टकडून काय मिळायला हवं ते मिळत नाही?

उत्तरं छोटी येतील. ट्रॉलीचं चाक अडकतं. इन्स्पेक्शन टेबलावरची ट्यूब महिनाभर बंद आहे. चिप्स (कापून निघालेले धातूचे तुकडे) काढायचा हुक एकच आहे आणि तो कायम दुसरीकडे असतो. यातली एक-दोन कामं त्याच आठवड्यात करून दाखवा. स्टोअरमध्ये स्वतः जा, मेंटेनन्सवाल्याच्या मागे लागा, पण करा. सांगितलं की काहीतरी होतं हे माणसांना दिसलं पाहिजे. तसं दिसलं नाही, तर पुढे मोठी गोष्टही कुणी सांगायला येत नाही.

त्याच वहीत एक तक्ता आखा. उभ्या बाजूला माणसांची नावं, आडव्या बाजूला मशीन किंवा कामं. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक खूण करा: अजून शिकतोय, कुणी सोबत असलं तर करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. तक्ता पुरा झाला की उभ्या रांगा बघा. ज्या मशीनखाली एकटा करणारा एकच माणूस आहे, ती तुमची कमकुवत जागा. तो माणूस लग्नाला गावी गेला की ती मशीन बंद. पुढच्या तीन महिन्यांत कुणाला काय शिकवायचं हे हा तक्ता आपोआप सांगतो.

शिफ्ट सुरू होताना

शिफ्टच्या किमान पंधरा मिनिटं आधी या. सुटणाऱ्या सुपरवायझरकडून चार्ज ऑफिसात घेऊ नका, त्याला घेऊन मशीनमागून मशीन फिरा. कोणती मशीन किती वेळ थांबली होती, कुठला ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली मापाची दुरुस्ती) बदलला, कोणता लॉट होल्डवर (तपासणीसाठी रोखून) ठेवलाय, कुठला इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायला आलाय, कोणतं गेज कॅलिब्रेशनला (अचूकता तपासायला) गेलंय, हे विचारा आणि तिथेच लिहून घ्या. बस सुटायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून तुम्ही लवकर यायचं. घाईत राहून गेलेली एक गोष्ट, ‘अरे, तो लॉट चेक करायचा राहिलाय’, पुढे आठ तास छळते.

मग लाईनजवळ पाच मिनिटं सगळ्यांना उभं करा. कालची क्वालिटीची एक गोष्ट, आजचा प्लॅन, सुरक्षेची एक गोष्ट. बास. या पाच मिनिटांत कुणालाही झापायचं नाही. बोलताना चेहरे बघा. कुणाला ताप आहे, कुणी लागोपाठ ओटी (जादा तास) करून डोळे तारवटलेले, कुणी पिऊन आलाय. असा माणूस त्या दिवशी प्रेसवर किंवा फिरत्या मशीनवर उभा करू नका. पिऊन आलेल्याला कामावर घ्यायचंच नाही. त्याला एकटं घरी पिटाळू नका, वरिष्ठांना कळवून सोबत देऊन पाठवा.

पहिला पीस तपासून सही झाल्याशिवाय प्रॉडक्शन सुरू होता कामा नये. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असली तरीही. सेटिंग बदलली, इन्सर्ट बदलला, लाईट जाऊन आली, तरी पहिला पीस पुन्हा तपासा.

तासातासाचा बोर्ड बहुतेक ठिकाणी असतोच: टार्गेट, झालेलं काम आणि कारण. नवा सुपरवायझर आकड्यांकडे बघतो. तुम्ही कारणाच्या रकान्याकडे बघा. टार्गेट ४०, झाले ३१ आणि कारण कोरं, याचा अर्थ लोक तुम्हाला घाबरतात, किंवा तुम्ही ते वाचत नाही असं त्यांना वाटतं. फेरीत बोर्डाशी थांबून कारण मोठ्याने वाचा आणि विचारा, ‘कुलंट दोनदा संपलं म्हणतोस, टाकी कोण भरतं?’ आठवड्याभरात रकाना भरायला लागेल.

फेरी आणि तपासणी

तासातून एकदा तरी प्रत्येक मशीनजवळ गेलंच पाहिजे. त्यामागे साधा हिशोब आहे. सायकल टाइम, म्हणजे एका पीसला लागणारा वेळ, ९० सेकंदांचा असेल तर तासाला ४० पीस निघतात. तासाला तपासणी होत असेल आणि पीस आउट सापडला, तर फार तर ४० पीस संशयाखाली येतात. चार तासांनी तपासलं तर १६०. शिफ्टच्या शेवटी तपासलं तर अख्खी शिफ्ट, आणि ग्राहकाने शोधलं तर किती माल परत येईल सांगता येत नाही.

आउट पीस सापडला की फक्त तो लाल बिनमध्ये टाकून पुढे जाऊ नका. शेवटची तपासणी ओके होती तिथपर्यंतचा सगळा माल वेगळा काढा, त्यावर होल्डचं लेबल लावा आणि मग शंभर टक्के तपासा. हे करताना टार्गेट हुकतं, मान्य आहे. पण न तपासलेला संशयित माल चांगल्या मालात मिसळणं यासारखं वाईट काम सुपरवायझरच्या हातून होऊ नये.

शिकवणं

या कामावर मी सगळ्यात जास्त भर देईन. आपल्याकडे नव्या मुलाला ‘याच्या शेजारी उभा राहा, बघ आणि शिक’ असं सांगितलं जातं. तो बघतो, पण काय बघायचं ते त्याला ठाऊक नसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. कारखान्यांत लाखो नवखी माणसं आली आणि त्यांना झटपट तयार करायचं होतं. तेव्हा १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तो मुळात सुपरवायझरसाठी होता: काम कसं शिकवायचं, माणसांशी कसं वागायचं, कामाची पद्धत कशी सुधारायची. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी आपलासा केला. त्यातली शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे आणि आजही तशीच्या तशी उपयोगी पडते.

पहिली पायरी, शिकणाऱ्याला तयार करा. त्याला काय येतं ते विचारा, पीस कुठे बसतो आणि चुकला तर काय होतं ते दाखवा. माल कुठल्या गाडीत, कुठल्या ब्रेकमध्ये जातो हे कळलं की मुलगा वेगळ्याच लक्षाने काम करतो.

दुसरी पायरी, करून दाखवा. इथे घाई होते. एकदाच नव्हे, तीनदा दाखवायचं. पहिल्यांदा फक्त मुख्य टप्पे सांगत, दुसऱ्यांदा प्रत्येक टप्प्यातली खुबी सांगत, तिसऱ्यांदा त्या खुबीचं कारण सांगत. सीएनसी लेथवर जॉब (ज्यावर काम करायचं तो पीस) लावण्याचंच घ्या. टप्पा: जॉज (जॉब पकडणारे जबडे) साफ करा. खुबी: बसण्याची जागाही ब्रशने साफ करा. कारण: एखादी चिप खाली राहिली तर जॉब तिरका बसतो आणि फेस (पुढची सपाट बाजू) आउट जातो. टप्पा: जॉब लावा. खुबी: स्टॉपरला पूर्ण टेकवा, मगच पेडल दाबा. कारण: फट राहिली तर लांबीचं माप चुकतं. टप्पा: स्नॅप गेजने तपासा. खुबी: गो बाजू (चांगल्या पीसवर जी जायलाच हवी) गेजच्या वजनाने सरकली पाहिजे, दाबून घालायची नाही. कारण: दाबलं तर मोठा पीसही पास होतो आणि गेजही खराब होतं.

तिसरी पायरी, त्याला करू द्या. पहिल्यांदा गप्प राहून बघा, फक्त चूक होताना थांबवा. मग पुन्हा करायला लावा आणि टप्पे, खुब्या, कारणं त्याच्याच तोंडून वदवून घ्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका. समोरचा हो म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. ‘इथे ब्रश का मारलास?’ असं विचारा.

चौथी पायरी, त्याला सोडा, पण वाऱ्यावर नको. अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव घेऊन सांगा. पहिल्या दिवशी तासात दोन-तीनदा जाऊन या, मग हळूहळू कमी करा.

या पद्धतीत एक विचार गृहीत धरलेला आहे: माणूस शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही. झारखंड, ओडिशा, बिहारमधून आलेली मुलं आज निम्म्या लाईनवर असतात. त्यांच्याशी हिंदीत बोला, तुमची हिंदी मोडकी असली तरी चालेल. मराठीत भराभर सांगून ‘याला काही समजत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. आणि अप्रेंटिस शिकायला आलेला आहे हे विसरू नका. त्याला वर्षभर एकाच जागी लोडिंगला उभं करणं म्हणजे त्याचं वर्ष वाया घालवणं.

चूक झाली तर

माल बिघडला की पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ हा तोंडातून निसटतोच. तो गिळा. ‘काय झालं, कधीपासून, पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?’ असं विचारा. ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं, त्याला सगळ्यांसमोर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा, चूक त्याचीच असली तरी. हे शब्द बाकीचे ऐकत असतात. सांगायला आलेल्यालाच तुम्ही झापलंत, तर पुढचा बिघडलेला पीस गुपचूप चांगल्या मालाच्या तळाशी जाईल.

मग कारणाच्या मागे लागा. टोयोटात ‘का?’ हा प्रश्न पाच वेळा विचारायची रीत रूढ झाली. समजा, रात्रपाळीत व्यास मोठा आला. का? इन्सर्ट झिजला होता. वेळेवर का बदलला नाही? किती पीस झाले ते कळलं नाही. का? लाईट गेली आणि मशीनवरचा काउंटर शून्यावर आला. मग किती पीस झाले ते लिहिलेलं का नव्हतं? कारण लॉगशीटवर तासाला आकडा लिहायची पद्धतच नाही. पहिल्या प्रश्नावर थांबला असतात तर ऑपरेटरला मेमो मिळाला असता. शेवटपर्यंत गेलात म्हणून लॉगशीटमध्ये एक रकाना वाढला आणि ती चूक सगळ्याच मशीनवर बंद झाली.

मुद्दाम केलेली किंवा वारंवार होणारी बेपर्वाई वेगळी. तिथे बोलावंच लागतं. एकट्याला बाजूला घेऊन, त्याच दिवशी, एकाच घटनेबद्दल बोला. ‘तू नेहमीच असं करतोस’ याला उत्तर नसतं. ‘काल साडेदहाचं आणि साडेअकराचं चेकिंग न करता तू शीट भरलीस’ याला उत्तर द्यावं लागतं. आधी त्याचं ऐका. कधी घरचं आजारपण निघतं, कधी गेजच दुसऱ्या मशीनवर असतं. तरीही पुन्हा घडलं, तर लेखी कारवाईचा मार्ग एचआरमार्फत घ्या. स्वतःच्या अखत्यारीत पगार कापण्याची धमकी देऊ नका. तो अधिकार तुमचा नाही.

कालचे सोबती, वयाने मोठी माणसं

काल एकत्र डबा खाल्लेल्यांचे आज तुम्ही सुपरवायझर. डबा खाणं सोडू नका, तिथे दुरावा धरण्याचं काही कारण नाही. पण काम वाटताना मैत्री दिसली की संपलं. हलकी मशीन कायम त्याच मित्राला, नावडतं डिबरिंग (पीसच्या कडांची धार काढणं) कायम त्याच कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला, हे लाईन दोन दिवसांत टिपते. म्हणून फिरतीचा तक्ता करून बोर्डावर लावा आणि मित्राचं नावही नावडत्या कामासमोर येऊ द्या. जवळच्या एक-दोघांशी आधीच स्वच्छ बोला: बाहेर आपण तसेच आहोत, शिफ्टमध्ये सगळ्यांना एकच माप.

पन्नाशीचा ऑपरेटर तुमच्या हाताखाली असेल तर त्याला ‘काका’ किंवा ‘मामा’ म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा. त्याला हुकूम सोडण्यापेक्षा विचारा: ‘काका, हा जॉब आधी चालवलाय तुम्ही, कुठे अडतो?’ अशा माणसाला शिकवण्याचं काम द्या आणि ते तक्त्यात मानाने लिहा. मात्र तो गार्ड काढून मशीन चालवत असेल, तर वय न बघता थांबवा. आदराने, पण तिथल्या तिथे.

सुट्टी आणि ओटी

माणसं सुट्टी का मागतात हे आधी समजून घेतलं तर अर्धे प्रश्न उरत नाहीत. कोकणातला माणूस गणपतीला जाणारच. बिहारचा छठला जाणार. शेती असलेल्याला पेरणीचे चार दिवस हवेत, लग्नसराई तर सगळ्यांचीच. दोन महिने आधी कॅलेंडर समोर ठेवून नावं मागा, कुणाला कधी हे सगळ्यांसमोर ठरवा. नकार द्यावा लागला तर कारण सांगा आणि पुढचं प्राधान्य त्याला लिहून द्या. असं केलं की ‘आजी वारली’ अशा अचानक सुट्ट्या आपोआप कमी होतात.

ओटीबद्दल एवढं पक्कं ठाऊक असू द्या: १९४८ चा जुना फॅक्टरी कायदा असो की कामगार सुरक्षेची २०२० ची संहिता, जादा तासांचा दर दुप्पट आहे, आणि नव्या संहितेत ओटीसाठी कामगाराची संमती लागते. ‘थांबावंच लागेल’ हे वाक्य वापरू नका. आठवड्यातून पाच दिवस ओटी लागत असेल तर तो प्लॅनिंगचा प्रश्न आहे. तो वर मांडा, माणसांच्या झोपेतून भागवू नका.

जिथे तडजोड नाही

चक (जॉब पकडून फिरणारा भाग) फिरत असताना हातमोजे नकोत, कारण मोजा गुंतला की हात आत खेचला जातो. चिप्स हाताने नव्हे, हुकने काढायच्या. एअर गनने कपडे आणि अंग साफ करायचं नाही. प्रेसवरचं दोन हातांचं बटण बांधून एका हाताने चालवलेलं दिसलं तर ती प्रेस त्या क्षणी बंद. मेंटेनन्सवाला आत हात घालणार असेल तर मेन स्विच बंद, त्यावर कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात. थोडक्यात वाचलेली घटनाही लिहा. बोट वाचलं म्हणून ती सोडून दिली, तर पुढच्या वेळी वाचेलच असं नाही.

लाईनवर बायका-मुली असतील तर आणखी एक गोष्ट. लैंगिक छळाची तक्रार तुमच्या कानावर आली, तर ‘आपसांत मिटवा’ म्हणायचं नाही आणि चौकशीही तुम्ही करायची नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि लेखी तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीतल्या सदस्यांची नावं आजच माहीत करून घ्या, तक्रार करणारीला तिथपर्यंत पोचवा आणि गोष्ट चहाच्या टपरीवर जाऊ देऊ नका.

साहेबांना सांगणं

तुम्हाला खाली जसं हवंय, तसंच वर वागा. वाईट खबर लपवून शिफ्टच्या शेवटी ‘सर, जमलं नाही’ म्हणणारा सुपरवायझर साहेबांच्या हातून उपाय करायची वेळच काढून घेतो. सांगताना चार गोष्टी याच क्रमाने सांगा: काय झालं, मी काय केलंय, मला काय हवंय, किती वाजेपर्यंत हवंय. ‘सर, तीन नंबरचा स्पिंडल गरम होतोय, सव्वाअकराला बंद केली, जॉब पाच नंबरवर हलवलाय, बेअरिंगसाठी मेंटेनन्सचा माणूस दोनच्या आत लागेल, नाहीतर उद्याच्या गाडीला दोनशे पीस कमी पडतील.’ असा फोन आला की कुणीही साहेब कामाला लागतो. नाव घेऊन दोष देऊ नका आणि कौतुक मिळालं तर नाव घेतल्याशिवाय राहू नका.

रात्रपाळी लागण्याआधी साहेबांशी बसून एक गोष्ट ठरवून घ्या: कोणत्या कारणासाठी रात्री कितीही वाजता फोन करायचा. माझ्या मते तीन कारणं पुरेत. अपघात, ग्राहकाकडे निघालेल्या किंवा पोचलेल्या मालात सापडलेला दोष, आणि सकाळचा डिस्पॅच हुकेल असं ब्रेकडाऊन. बाकीचं सकाळच्या चार्जमध्ये. ही यादी, साहेबांचा नंबर, मेंटेनन्सचा नंबर आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सुपरवायझरच्या टेबलाजवळ चिकटवा, आणि तुम्ही जागेवर नसाल तेव्हा फोन कुणी लावायचा त्याचं नावही त्यावर लिहा.